सरोवरावरचा एक मोकळा दिवस

युरोपच्या सहलीत आल्प्समधील सरोवरे पाहण्याची आपल्या मंडळींची एक रीत ठरून गेली आहे. बस काठाशी थांबते, व्यवस्थापक घड्याळ दाखवतो, मंडळी पाण्याकडे पाठ करून छायाचित्रे काढून घेतात, थोडा नौकाविहार होतो आणि पुन्हा बस. २०११ साली एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही उभयता गेलो असता ल्यूसर्नचे सरोवर आम्हांस असेच घडले. पाऊण तास नौकेत गेला आणि दोन तास घड्याळांच्या दुकानात. तेव्हापासून सौभाग्यवती म्हणत आल्या की, आपण ल्यूसर्नला जाऊन आलो हे खरे, पण सरोवर पाहिले असे काही म्हणवत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा योग आला. या खेपेस कंपनी नव्हती, आम्ही दोघेच होतो. दोघांचीही साठी उलटलेली, त्यात सौ.च्या उजव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी निघताना चार गोष्टी बजावून सांगितलेल्या. तिसरी खेप होईल असे धरून चालण्याचे वय आता राहिले नव्हते. तेव्हा ल्यूसर्नच्या मुक्कामातला एक संपूर्ण दिवस या एकाच सरोवरासाठी राखून ठेवला आणि त्या दिवसाचा कार्यक्रम असा काही आखलाच नाही. आयुष्यभर दौऱ्याचा कार्यक्रम आगाऊ मंजूर करून घेतल्यावाचून आम्ही गावाची वेस ओलांडली नव्हती. त्यामुळे या मोकळेपणाची थोडी धास्तीही वाटत होती, हे नमूद केले पाहिजे.

असा दिवस तिथे शक्य होतो तो तिकिटाच्या सोयीमुळे. परदेशी प्रवाशांसाठी ‘स्विस ट्रॅव्हल पास’ मिळतो. त्यातला ‘फ्लेक्स’ प्रकार घेतला, तर महिनाभरातले आपल्या सोयीचे ठरावीक दिवस निवडता येतात. निवडलेल्या दिवशी आगगाडी, बस आणि सरोवरातल्या बोटी, सारे त्यातच येते. वाटेल त्या धक्क्यावर उतरावे, पुढच्या बोटीत चढावे, वाटल्यास उलट फिरावे, कंटाळा आला तर आगगाडीने परतावे. कोणी विचारीत नाही. सकाळी उठून आकाश पाहावे आणि मग ठरवावे. आल्प्समध्ये ही मुभा फार मोलाची आहे. आदल्या दोन दिवसांत पिलाटुस पर्वत ढगात असा बुडाला होता की तो तिथे आहे हे केवळ नकाशावरून कळत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे खिडकीचा पडदा सारला तर पर्वत धुऊन ठेवल्यासारखा समोर उभा. सौ. म्हणाल्या, “अहो, आजच.” आम्ही पास खिशात टाकला.

धक्क्यावर जाण्यापूर्वी एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने पाहून घेतली, कारण आमची सारी नोकरी सिंचन खात्यात गेली. ल्यूसर्न शहरातून रॉइस नदी सरोवराबाहेर पडते. तिथला लाकडी पूल सर्वांच्या परिचयाचा आहे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा मोठा भाग जळाला आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा रहदारीला खुला झाला. (इंदूरच्या वाचकांस १९८४ साली जळालेला आपला राजवाडा आठवेल. अधिक लिहीत नाही.) या पुलाच्या खालच्या अंगाला नदीत एक बंधारा आहे, त्याकडे प्रवासी सहसा ढुंकून पाहत नाहीत. १८५९-६० च्या सुमारास बांधलेला हा बंधारा म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या लाकडी दांड्या. तिकडे त्यांस ‘सुया’ म्हणतात. सरोवराची पातळी वाढली की माणसे येऊन हाताने काही सुया काढतात, पाणी मोकळे होते. पातळी उतरली की पुन्हा लावतात. १८७१ ची आगगाडी आली, वीज आली, संगणक आले, पण एकशेचौदा चौरस किलोमीटर पाण्याची किल्ली अजून लाकडाच्या दांड्यांत आहे. २००५ च्या महापुरानंतर बाजूला नवे दरवाजे बसवून या व्यवस्थेची क्षमता वाढवण्यात आली, तरी जुना बंधारा मोडीत काढला नाही. आम्ही कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिलो. सौ.ना त्यात काय पाहण्यासारखे आहे ते कळले नसावे, पण आमच्या नोकरीतल्या कित्येक रात्री पाण्याच्या पातळीचे आकडे ऐकण्यात गेल्या, त्या त्यांनीही जागून काढल्या होत्या. त्या मुकाट्याने उभ्या राहिल्या.

ल्यूसर्नचे रेल्वे स्थानक आणि बोटींचे धक्के समोरासमोर आहेत. मध्ये केवळ रस्ता. पहिला धूमनौकेचा फेरा या पाण्यावर १८३७ साली झाला; आज तिथे जुन्या चाकाच्या पाच वाफेच्या बोटी चालतात आणि त्यांचा जन्म १९०१ ते १९२८ या काळातला आहे. त्या प्रदर्शनात मांडलेल्या वस्तू नव्हेत. वेळापत्रकात त्यांची नेमणूक इतर बोटींसारखीच होते. आमच्या वाट्यास आली ती १९०६ ची ‘शिलर’. पांढरी, लांबट, दोन्ही कुशींना मोठाली चाके. वरचा मजला पहिल्या वर्गाचा. आमचा पास दुसऱ्या वर्गाचा, म्हणून आम्ही खालीच राहिलो आणि त्यातच आमचा लाभ झाला. बोटीच्या मध्यभागी खालच्या मजल्यावर जमिनीत मोठा चौक कापलेला आहे. त्यातून वाकून पाहिले की संपूर्ण इंजिन दिसते. पोलादाचे भलेमोठे दांडे तेलाने चकाकत पुढेमागे होत असतात, आणि एक गृहस्थ हातात तेलाची झारी घेऊन त्यांच्या मधून असे वावरतात जणू गोठ्यात गुरांना चारा घालीत आहेत. वरून कप्तानाची घंटा वाजते, खालचा माणूस लोखंडी चक्र फिरवतो, दांडे क्षणभर थबकतात आणि उलटे फिरू लागतात. आमच्या शेजारी एक आजोबा नातवास हे सारे समजावून सांगत होते. भाषा कळत नव्हती, पण हातवाऱ्यांवरून धडा पुरता कळला.

या सरोवराचे जर्मन नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते. त्याचा अर्थ ‘चार वनप्रांतांचे सरोवर’ असा आहे. उरी, श्वीत्स, उंटरवाल्डन आणि ल्यूसर्न हे ते चार प्रांत. आकार नकाशावर पाहिला तर वेड्यावाकड्या फुलीसारखा. एका ठिकाणाहून सगळे सरोवर कधीच दिसत नाही. बोट वेगिस गावाला लागून पुढे फित्स्नाऊला येते. पुढे पाणी इतके निमुळते होते की सरोवर संपले असे वाटावे. दोन्ही बाजूंचे डोंगर पाण्यात सोंड घालून उभे. तिथले लोक या सोंडांना वरचे नाक आणि खालचे नाक म्हणतात. दोन नाकांमधून बोट पार झाली की नवेच सरोवर उघडते. पाऊण तासात परतणाऱ्या प्रवाशास ही नाके ओलांडता येत नाहीत. २०११ साली आम्ही पाहिले ते या सरोवराचे दिवाणखान्यापर्यंतचे रूप.

फित्स्नाऊच्या धक्क्याला लागूनच रिगी पर्वतावर जाणारी दातेरी रुळांची गाडी उभी असते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातील पहिली पर्वतगाडी. ती घडवणारे अभियंते निकलाउस रिगेनबाख. वाचकांस उटीची गाडी ठाऊक असेलच. तिच्या विचारासाठी १८८२ साली हेच रिगेनबाख निलगिरीवर येऊन गेले होते. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या रोमान आब्ट यांची दातेरी पद्धत तिथे वापरली गेली आणि १८९९ साली गाडी कुन्नूरला पोहोचली. बोटीतून निम्मे लोक उतरले, ते थेट गाडीत चढले. आम्ही उतरलो नाही. डोंगर एका दिवशी, पाणी दुसऱ्या दिवशी, असे आमचे मत आहे.

गेर्साऊला मात्र उतरलो, आणि त्याला कारण काहीच नव्हते. धक्का जवळ आला तशी एक वृद्ध बाई भाजीची टोपली व गुंडाळलेली वर्तमानपत्रे घेऊन फळीपाशी जाऊन उभी राहिली. बोट थांबली, फळी पडली, ती उतरली. धक्क्यावर एक तरुण मुलगी तिला न्यायला आली होती. सौ. म्हणाल्या, “ही बाई बाजार करून घरी चालली आहे. आपण हिच्या गावी उतरू या.” एवढ्यावर आम्ही उतरलो. उतरल्यावर शिलर शिट्टी देऊन निघून गेली आणि किनाऱ्यावर अशी शांतता पसरली की पाण्याचा दगडांवर होणारा चुळबुळ आवाज ऐकू येऊ लागला.

गेर्साऊ हे काठावरचे, पाठीशी डोंगर असलेले लहानसे गाव. परंतु हे गाव कित्येक शतके स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १३९० साली गावकऱ्यांनी पैसा जमवून आपल्यावरचे जहागिरीचे हक्क विकत घेतले, आणि १७९८ साली फ्रेंच फौजा येईपर्यंत ते कोणाचेही अंकित नव्हते. १८१७ साली ते श्वीत्स प्रांतात विलीन झाले. आपल्यासारख्या संस्थानी मुलखात वाढलेल्या माणसांस विलीनीकरण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आमच्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘होळकर सरकारात’ हा शब्दप्रयोग असे. गेर्साऊत आजही जुन्या प्रजासत्ताकाची आठवण अभिमानाने काढली जाते. आम्ही चर्चच्या पायरीवर बसून लसणीची शेव खाल्ली. ती इंदूरहून आणलेली होती. पाव आणि चीज तिथले. पुढची बोट तासाभराने होती, आणि तो तास कसा गेला हे विचाराल तर सांगता येणार नाही. एक मांजर येऊन सौ.च्या पिशवीजवळ बसले, तिने शेव हुंगली आणि नापसंती दर्शवून निघून गेली.

येथे बोटींच्या वेळांबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण आमच्या मते या मोकळ्या दिवसाचे मर्म तिथे आहे. प्रत्येक धक्क्यावर काचेच्या पेटीत वेळापत्रक लावलेले असते. त्यात लिहिलेल्या मिनिटाला बोट येते. स्विस रेल्वेने १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत घातली, आणि बस, बोट, पर्वतगाडी अशा साऱ्यांचे मेळ शक्य तेथे तिच्याशी घालण्यात आले. प्रवाशाने काहीच ठरवले नसले तरी चालते, कारण दुसऱ्या कोणी तरी सारे ठरवून ठेवलेले असते आणि ते पाळले जाते. ज्या मुलखात पुढची गाडी येईल की नाही याची शाश्वती नसते, तिथे माणसाला आठ दिवस आधी कार्यक्रम आखावा लागतो, गाडी भाड्याने सांगून ठेवावी लागते, ओळखीच्या माणसास फोन करून ठेवावा लागतो. तिथला बेफिकीर प्रवासी हा शेवटी कोणा अज्ञात कारकुनाच्या काटेकोरपणावर बेफिकीर असतो. आम्ही स्वतः फायलींच्या बाजूचे असल्यामुळे त्या कारकुनास मनोमन नमस्कार केला.

पुढची बोट आली ती नव्या धाटणीची, चाकांवाचून. ट्राइबच्या धक्क्याला ती लागली. इथे पाण्याच्या कडेला एक रंगीत जुने लाकडी घर आहे. वादळात सापडलेल्या नावाड्यांचा पूर्वी हा आसरा होता. वादळ म्हणजे ‘फ्योन’. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून खाली कोसळणारा उबदार, कोरडा वारा. तो सुटला की सरोवराच्या दक्षिणेकडच्या फाट्यात लाटा उसळतात आणि छोट्या होड्यांची पंचाईत होते. ट्राइबहून एक दोरखंडाची गाडी वर झेलिसबर्ग गावी जाते. या गावाशी आपल्या प्रदेशाचे एक अनपेक्षित नाते आहे. जबलपूरशी संबंध असलेले महर्षी महेश योगी यांचे मुख्य ठाणे १९७० च्या दशकात याच झेलिसबर्गमध्ये होते. भावातीत ध्यानासाठी जागा निवडताना महर्षींची नजर चुकली नाही, एवढे सरोवराकडे पाहून आम्ही म्हणू शकतो.

ब्रुनेनपाशी सरोवर काटकोनात वळते आणि दक्षिणेला उरीचा फाटा सुरू होतो. वळणावरच पाण्यातून वर आलेला एक उंच सुळका आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे की, विल्हेल्म टेलचे गाणे गाणाऱ्या शिलरला मूळ प्रांतांकडून, १८५९. शिलरने आपले ‘विल्हेल्म टेल’ नाटक १८०४ साली लिहिले आणि गंमत अशी की स्वित्झर्लंडात त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. ग्रंथ वाचून आणि गटेकडून ऐकून त्याने हे पाणी, ही वादळे उभी केली. आमच्या मनात आले की शिलर बोटीतून शिलरचा खडक पाहण्याचा योग गेर्साऊच्या मांजरीपायी गेला. सौ. म्हणाल्या, “त्यानेही कुठे पाहिला होता?”

खडकानंतरचा धक्का ऱ्यूटलीचा. इथे आम्ही सर्वांत अधिक वेळ राहिलो.

धक्क्यापासून झाडीतून चढाची वाट आहे. धडधाकट माणसास दहा मिनिटांची. आम्हांस अर्धा तास लागला. सौ. वळणावळणाला थांबत, कठड्याला धरत, आणि आम्ही बाकावर बसून राहू का असे विचारले तर उत्तर न देता पुढे पाऊल टाकत. वर पोहोचल्यावर समोर काय, तर कुरण. गवताचा उतार, एक झेंड्याची काठी, बाजूला शेतघर, काही बाके, काही गाई. स्विस राष्ट्राची जन्मभूमी म्हणतात ती ही. पुतळा नाही, प्रवेशद्वार नाही, तिकीटखिडकी नाही.

परंपरा अशी सांगते की उरी, श्वीत्स आणि उंटरवाल्डन या तीन प्रांतांच्या तीन पुरुषांनी या कुरणावर रात्री जमून, परकी अंमलदारांविरुद्ध एकमेकांस साह्य करण्याची शपथ घेतली. तीन प्रांतांच्या कराराचा १२९१ च्या ऑगस्टमधील एक कागद खरोखर उपलब्ध आहे. परंतु त्यात ऱ्यूटलीचे नाव नाही, टेलचेही नाही. टेलची कथा पहिल्यांदा लिखित स्वरूपात सापडते ती १४७० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. १७६० साली एका पाद्र्याने ही मूळ डेन्मार्कची दंतकथा आहे असे लिहिणारी पुस्तिका काढली, तेव्हा उरी प्रांताच्या आल्टडॉर्फ गावात ती जाहीरपणे जाळण्यात आली.

याच कुरणावर १८५९ च्या सुमारास हॉटेल बांधण्याचा घाट घातला गेला होता. जागा मोक्याची, प्रवासी वाढू लागलेले. कोणासही सुचले असते. तेव्हा तिथल्या एका लोकहितवादी संस्थेने वर्गणी जमवली. शाळांतून मुलांनी नाणी गोळा केली. त्या पैशात कुरण विकत घेतले आणि १८६० साली ते राष्ट्राला दिले, कधीही विकता येऊ नये या अटीसह. आज दीडशेहून अधिक वर्षांनीही ते कुरण कुरणच राहिले आहे, कारण ते तसेच राहावे यासाठीच ते घेतले होते. आपल्याकडे एखादी पुण्यभूमी ताब्यात आली की पहिला प्रश्न विचारला जातो तो, इथे काय उभारायचे. नर्मदेच्या घाटांवर गेल्या काही वर्षांत काय काय उभे राहिले ते वाचकांनी पाहिले आहे. गवत राखण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करणारा प्रस्ताव आमच्या टेबलावर एकदाही आला नाही.

ही जागा निव्वळ जुनी कथा म्हणून उरली असती तर वेगळे. २५ जुलै १९४० रोजी मात्र तिचे वजन दिसले. जूनमध्ये फ्रान्स पडला होता, स्वित्झर्लंड चहूबाजूंनी वेढले गेले होते. सरसेनापती आंरी गिझां यांनी सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ‘श्टाट ल्यूसर्न’ या वाफेच्या बोटीत बसवून याच कुरणावर आणले, अर्धवर्तुळात उभे केले आणि आल्प्सच्या अंतर्भागात राहून शेवटपर्यंत लढण्याचा निर्धार त्यांना सांगितला. सगळे सेनापती एका बोटीत; एक बाँब पडता तर? पण बंद खोलीतला आदेश आणि या गवतावरचा आदेश यात त्यांना अंतर वाटले असणार. ती बोट अद्याप चालते. १९२८ चीच ती.

बाकावर बसल्यावर सौ.नी गुडघ्याला पट्टी बांधली आणि विचारले, “मग टेल झालाच नाही म्हणायचे का?” आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. आमचा मूळपुरुष सुभेदार मल्हाररावांच्या पथकाबरोबर नर्मदा उतरून माळव्यात आला, नदीला पूर होता, आणि त्याने कुलदेवाचा टाक तोंडात धरून घोडे पाण्यात घातले, ही कथा ती सांगे. तिच्याकडून ती आमच्या पिढीतल्या पंधरा-वीस भावंडांनी ऐकली. निवृत्तीनंतर आम्ही घरातले मोडी रुमाल उतरवून घेतले. त्यात जमिनीचे कागद आहेत, लग्नाच्या याद्या आहेत, एका बैलाच्या चोरीची तक्रार आहे. पूर, घोडे आणि टाक यांचा उल्लेख नाही. पुण्यातल्या एका भाच्याने मोठ्या उत्साहाने सांगितले की अशीच गोष्ट आणखी दोन घराण्यांत सांगतात. असेल. टाक देवघरात आहे आणि त्यावर एक पोचा आहे, तो दाताचा असे आजी म्हणे. बृहन्महाराष्ट्रातल्या ज्या घरी हा अंक जातो, त्यातल्या बहुतेक घरांत असा एखादा टाक, एखादी तलवार, एखादी ओलांडलेली नदी असेल. आम्ही सौ.ना एवढेच म्हणालो की, टेलचा कागद नाही. त्या म्हणाल्या, “कुरण आहे ना.”

एक बोट आमच्या डोळ्यांदेखत खाली येऊन गेली. ती आम्ही जाऊ दिली. एरवी, इतक्या खटपटीने वर आलेल्या माणसाला घड्याळाकडे पाहत खाली धावावे लागले असते.

ऱ्यूटलीहून एक पायवाट निघते, ती उरीच्या फाट्याला वळसा घालून ब्रुनेनला जाते. लांबी पस्तीस किलोमीटर. १९९१ साली सातशे वर्षांच्या निमित्ताने ती आखली, तेव्हा देशातल्या प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला पाच मिलिमीटर असा हिशेब धरला होता. आम्ही त्यातील थोडीशी वाट चाललो. सौ.च्या अंदाजाने, एका मध्यम गावाएवढी लोकसंख्या आम्ही पायांखाली घातली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. टेलचे देऊळ पाण्याच्या अगदी काठावर आहे. वादळात बंदिवान टेलने अंमलदाराच्या नावेतून इथल्या खडकावर उडी घेतली, अशी कथा. आजचे बांधकाम १८७९ चे. बाउएन हे गाव इतके आडोशाला की इथे अंजिराची झाडे वाढतात म्हणतात. स्विस राष्ट्रगीताला चाल देणारे आल्बेरिक त्स्वीसिग यांचा जन्म इथला, १८०८ चा. इस्लेटेन या पुढच्या धक्क्यावर १८७३ साली डायनामाइटचा कारखाना निघाला, कारण पलीकडे गोट्टहार्डचा बोगदा खणणे चालू होते. एवढ्या निसर्गरम्य जागी सुरुंगाची दारू, हे ऐकून सौ.नी कपाळाला आठ्या घातल्या. परंतु यापुढची गोष्ट त्याहून विचित्र आहे.

आमच्या बोटीखाली त्या वेळी जे निळे-हिरवे पाणी होते, त्याच्या तळाशी सैन्याचा हजारो टन दारूगोळा पडलेला आहे. १९१८ ते १९६४ या काळात जुना, निकामी वा जास्तीचा दारूगोळा बोटींतून आणून स्विस सरोवरांत बुडवण्यात आला. उरीच्या या फाट्यात तसेच थून आणि ब्रिएन्झ या सरोवरांत तो आहे. काही ठिकाणी दीड-दोनशे मीटर खोल, वर गाळाचा थर. पाण्याचे नमुने नेमाने तपासले जातात आणि आजवर दूषित आढळले नाहीत. हा दारूगोळा काढायचा झाल्यास कसा काढावा, याच्या कल्पना मागवण्यासाठी तिथल्या संरक्षण खात्याने २०२४ साली पन्नास हजार फ्रँकची स्पर्धा लावली. हे वाचले तेव्हा आम्हांस तो पृष्ठभाग आठवला. ज्या देशाने १९८६ साली कपड्यांच्या साबणातले फॉस्फेट बंद केले, का तर सरोवरात शेवाळ माजू नये, त्याच देशाने त्याच पाण्यात तोफगोळे टाकले होते. सरोवरे स्वभावाने पवित्र नसतात. त्यांच्याकडे कोणी तरी रोज लक्ष ठेवते म्हणून ती स्वच्छ दिसतात.

फ्ल्यूएलेनला सरोवर संपते. इथे रॉइस नदी आत शिरते, तीच जी सकाळी ल्यूसर्नच्या बंधाऱ्यातून बाहेर पडताना पाहिली होती. मुखाशी काही बेटे दिसतात, ती बोगद्यांच्या उपशातील दगड-मातीची केली आहेत. काहींवर लोक पोहायला जातात, काही पक्ष्यांना सोडली आहेत. बोगद्याचा मलबा कुठे टाकावा हा प्रश्न कोणत्याही सिंचन अधिकाऱ्याच्या आयुष्यातला नित्याचा. त्याचे हे उत्तर आम्ही पूर्वी ऐकले नव्हते. धक्क्याला लागून रेल्वे स्थानक आहे. आगगाडीने ल्यूसर्न जवळपास तासाभरात येते, बोटीने पावणेतीन-तीन तास. पासावर दोन्ही चालते. सौ.च्या पायाकडे पाहून आम्ही आगगाडी सुचवली. त्यांनी बोटीची चौकशी करायला सांगितले.

परतीच्या बोटीत प्रवासी थोडे आणि घरी जाणारे लोक अधिक होते. सिसिकॉनला एक जण सायकल घेऊन चढला आणि ब्रुनेनला उतरला. उन्हे डोंगरांच्या माथ्यावर सरकली, पाणी आधी काळसर आणि मग नुसते गार झाले. १६०१ साली इथे भूकंप झाला तेव्हा सरोवरात मोठ्या लाटा उठल्या आणि ल्यूसर्नपाशी रॉइसचे पाणी काही काळ उलटे वाहिले, असे नगरलेखकाने नोंदवून ठेवले आहे. त्या संथ पाण्याकडे पाहून ते खरे वाटत नव्हते. गेर्साऊला बोट थांबली, फळी पडली. कोणी उतरले नाही, कोणी चढले नाही, तरी ती नेमलेली मिनिटे थांबली आणि मगच निघाली. फित्स्नाऊला रिगीवरून उतरलेली मंडळी लालबुंद चेहऱ्यांनी चढली.

सौ. शाल पांघरून बसल्या होत्या आणि बोटांवर काही मोजत होत्या. न उतरलेले धक्के मोजीत होत्या. बेकेनरीड, ट्राइब, सिसिकॉन, बाउएन, वेगिस. मग त्यांनी विचारले, पासाचा आणखी एक दिवस शिल्लक आहे ना? होता. तो युंगफ्राउच्या बाजूला जाण्यासाठी राखला होता, तशी नोंद आमच्या डायरीत होती. तिकडे बर्फ आहे, युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे, आणि परत गेल्यावर लोक विचारतील, असे आम्ही त्यांस सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमारास त्या पट्टी बांधून तयार होत्या. बाउएनला खरेच अंजिरे होतात का, ते त्यांना पाहायचे होते.